पेजेच्या वाटीपासून मैत्रीभावनेपर्यंत: घरच्या घरी योग आणि ध्यान

सासूबाईंना अर्धांगवायू होऊन सात महिने झाले होते. रोज सकाळी साडेसातला मी त्यांना चमच्याने पेज भरवायचे. एके दिवशी त्यांनी तिसऱ्यांदा तोंड फिरवलं आणि पेज उशीवर सांडली. मी वाटी स्टुलावर आपटली. तोंडातून एक शब्द काढला नाही, पण वाटी आपटली. त्यांनी घट्ट डोळे मिटून घेतले, लहान मूल मार चुकवताना मिटतं तसे. आपल्याला घाबरून कुणी असे डोळे मिटावेत, अशी बाई मी होऊ नये, एवढंच तेव्हा वाटलं.

योगासनं मी त्याआधीही करत होते. सूर्यनमस्कार घालायचे, अंग हलकं व्हायचं, पण ते हलकेपण साडेसातच्या पेजेपर्यंत टिकत नव्हतं. चटईवरची शांतता आणि घरातलं माणूस यांच्यात जे अंतर उरतं, ते कसं कमी करायचं यासाठी हा लेख आहे. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमच्या गावच्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या जागेत, आम्ही दहा-बारा जण बरीच वर्षं सकाळी हा सराव करत आलो आहोत. त्यातून जे टिकलं ते क्रमाने सांगते.

यातून काय मिळतं

पातंजल योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं तेहेतिसावं सूत्र मला फार उशिरा कळलं. सुखी माणसाबद्दल मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा, म्हणजे त्याला मनात घोळवत न बसणं, या चार भावना जोपासल्या की चित्त प्रसन्न होतं, असं ते सूत्र सांगतं. क्रम नीट पाहा. आपण म्हणतो, आधी मला शांत होऊ दे, मग मी इतरांशी चांगलं वागेन. सूत्र उलट बाजूने येतं: इतरांकडे पाहण्याची नजर बदलली की मन निवळतं. अनुभवाने मला वाटतं, दोन्ही वाटा खऱ्या आहेत आणि दोन्हींवर एकाच वेळी चालावं लागतं. म्हणून पुढच्या सरावात शरीर, श्वास, ध्यान आणि मैत्रीभावना हे सगळं एकाच बैठकीत येतं.

आधुनिक संशोधनाचा आधार आहे, पण त्याची मर्यादाही माहीत असावी. 2014 साली अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात 47 चाचण्या आणि 3,515 लोकांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ध्यानाने चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडा ते मध्यम फरक पडतो, पण औषध किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस आहे असा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मला हा निष्कर्ष आवडतो, कारण तो चमत्काराचं आश्वासन देत नाही.

2013 साली प्रसिद्ध झालेला बॉस्टनमधला एक छोटा प्रयोग मी वर्गात नेहमी सांगते. आठ आठवडे ध्यान शिकलेल्या आणि न शिकलेल्या माणसांना एकेक करून प्रतीक्षागृहात बसवलं. सगळ्या खुर्च्या भरल्यावर कुबड्या घेतलेली एक बाई वेदनेने कण्हत आत आली. ध्यान न शिकलेल्यांपैकी सुमारे 16 टक्के लोक तिला जागा द्यायला उठले, ध्यान शिकलेल्यांपैकी 50 टक्के. माणसं थोडी होती, त्यामुळे एवढ्यावरून मोठा सिद्धान्त मांडता येणार नाही. पण कदंब बसमध्ये उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाहून आपण मोबाइलमध्ये डोकं घालतो, ते आठवलं की या प्रयोगाचं मोल कळतं.

जागा आणि वेळ

हरमल, मांद्रे, पाळोळे इथे नोव्हेंबर ते मार्च योगशाळांच्या पाट्या लागतात. त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांना हे सगळं पर्यटकांचं, महागड्या चटयांचं वाटायला लागलं आहे. तसं नाही. घरात एक सतरंजी पसरण्याएवढी जागा पुरते.

पहाट उत्तम, कारण पोट रिकामं असतं आणि उकाडा कमी असतो. पण पहाटे डबे भरायचे असतील तर संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी बसा. जेवणानंतर तीन तास आणि चहानंतर अर्धा तास जाऊ द्या. एकूण पंचेचाळीस मिनिटं लागतात. एवढी नसतील तर आसनं कमी करा, बसणं कमी करू नका.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट असते की रबरी चटई गुंडाळून ठेवली तर आठवड्यात बुरशी धरते. सुती सतरंजी वापरा आणि रोज पंख्याखाली वाळवा. चिऱ्याच्या जुन्या घरात जमीन गार आणि ओलसर लागते, म्हणून खाली एक जाड चादर घाला. डासांसाठी धूप किंवा अगरबत्ती खोलीत लावू नका. तुम्ही तिथे खोल श्वास घेणार आहात. त्यापेक्षा पंखा लावा आणि अंगभर सुती कपडे घाला.

पायरी पहिली: वीस मिनिटं शरीराला

करुणेच्या लेखात आसनं कशाला, असं कुणी विचारतं. आवळलेला जबडा आणि चढलेले खांदे घेऊन ध्यानाला बसलं, तर तेच खांदे आणि तोच जबडा ध्यान करतो. शरीराला आधी खात्री पटावी लागते की आत्ता कसलाही धोका नाही.

सुरुवात ताडासनाने करा. दोन्ही पावलं जमिनीवर सारखी टेकवून उभे राहा, श्वास घेत हात वर न्या, सोडत खाली आणा, असं सहा वेळा. मग मार्जारासन. हात आणि गुडघ्यांवर या, मनगटं खांद्यांखाली, गुडघे कमरेखाली. श्वास घेताना पाठ खाली जाऊ द्या आणि नजर समोर ठेवा. सोडताना पाठीची कमान वर उचला, हनुवटी छातीकडे. हे सावकाश दहा वेळा करा आणि हालचाल श्वासापुढे धावू देऊ नका. या एका आसनावर मी सर्वात जास्त वेळ घालवते, कारण श्वास आणि शरीर एकमेकांना इथे भेटतात.

त्यानंतर पोटावर पडून भुजंगासन. बेंबी जमिनीला टेकलेली राहील एवढंच वर या आणि तीन श्वास थांबा, दोनदा. मग पाठीवर येऊन सेतुबंधासन, म्हणजे गुडघे वाकवून, पावलं टेकवून कंबर वर उचलायची, तेही दोनदा. कंबर दुखत असेल तर ही दोन्ही वगळा आणि गुडघे पोटाशी घेऊन पडून राहा.

शेवटी भिंतीजवळ कूस टेकवून बसा, पाठीवर आडवे व्हा आणि पाय भिंतीवर सरळ ठेवा. पाच मिनिटं काही करू नका. दिवसभर बाजारात, दुकानात, स्वयंपाकघरात उभं राहणाऱ्या बायकांना हे सगळ्यात जास्त आवडतं. काचबिंदू असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर पाय भिंतीवर नेऊ नका, खुर्चीवर पोटऱ्या ठेवून पडा. गरोदर बायकांनी यातलं कुठलंही आसन डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि जाणकाराच्या देखरेखीशिवाय करू नये.

मग शवासन, चार-पाच मिनिटं. घाईत लोक नेमकं हेच सोडतात. सोडू नका.

पायरी दुसरी: उच्छ्वास लांबवा

आपण श्वास आत घेतो तेव्हा हृदयाचे ठोके किंचित वाढतात, बाहेर सोडतो तेव्हा मंदावतात. मेंदूपासून छाती-पोटापर्यंत जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हे मंदावण्याचं काम करतो. म्हणून उच्छ्वास लांबवला की शरीराला थांबण्याचा निरोप मिळतो. यात श्रद्धेचा प्रश्न नाही. मनगटावर बोट ठेवून नाडी पाहिलीत तर बहुतेकांना हा फरक स्वतः जाणवतो.

पाठ सरळ ठेवून बसा. नाकाने श्वास घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. दोन्ही मिळून दहा सेकंद झाले, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. पाच मिनिटांत असे तीस श्वास होतात. दम लागत असेल तर तीन-चारने सुरुवात करा. श्वास कुठेही कोंडू नका. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर अजिबात नाही.

त्यानंतर पाच वेळा भ्रामरी करा. तोंड मिटून, दात एकमेकांपासून किंचित दूर ठेवून, उच्छ्वासाबरोबर भुंग्यासारखा गुंजारव. आवाज मोठा काढायची गरज नाही, कपाळात आणि ओठांत थरथर जाणवली की पुरे. मन फारच सैरभैर असेल तेव्हा मी बाकी सगळं सोडून नुसती भ्रामरी करते.

कपालभाती या सरावात मी मुद्दाम ठेवलेली नाही. ती अंगात चेतना आणते आणि तिची जागा वेगळी आहे. इथे आपल्याला निवायचं आहे.

पायरी तिसरी: बसणं

आसन स्थिर आणि सुखाचं असावं, एवढीच पतंजलींची अट आहे. पद्मासन घातलंच पाहिजे असं नाही. घडी केलेल्या गोधडीवर बसा, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहील. गुडघे दुखतात त्यांनी खुर्ची घ्यावी. जुन्या घरांच्या बाल्कांवातला, म्हणजे दारापुढच्या ओसरीतला, सोपो (बांधीव बाक) यासाठी फार चांगला, कारण पाय जमिनीला नीट टेकतात. फक्त पाठीला उशी घेऊन रेलू नका, नाहीतर डुलकी लागते.

आता श्वास लांबवणं सोडून द्या. तो जसा येतो तसा येऊ द्या. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा द्या: एक, दोन, असं दहापर्यंत, आणि पुन्हा एकपासून. मन भरकटेल. चारवर असताना गॅसचं बुकिंग आठवेल, सातवर असताना नणंदेचं बोलणं. लक्षात आलं की कुठलीही चिडचिड न करता एकवर या. भरकटलेलं लक्षात येणं, हेच या सरावातलं मुख्य काम आहे. वाटी हातात असताना जो क्षण मला सापडला नव्हता, तो इथे रोज पन्नास वेळा सापडतो आणि हाताला ओळखीचा होतो.

सकाळी सहाच्या सुमारास आमच्याकडे पदेर, म्हणजे पाववाला, येतो. त्याच्या सायकलीचा भोंगा दोन वाड्यांवरून ऐकू येतो. सुरुवातीला मी दार-खिडक्या लावून घ्यायचे. आता भोंगा वाजला की मनात एवढंच म्हणते, ‘ऐकू आलं’, आणि पुढच्या उच्छ्वासाला एक म्हणते. आवाज बंद करत बसलात तर गोव्यात ध्यान करायला जागाच सापडणार नाही. कुत्री आहेत, मोटारसायकली आहेत, चवथीच्या दिवसांत घुमट हे वाद्य आहे.

पहिले दोन आठवडे सात मिनिटं. मग बारा. महिन्याभराने पंधरा. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवून समोर हातभर अंतरावर पाहा. पायाला मुंग्या आल्या तर पाय हलवा. सहन करण्याची ही परीक्षा नव्हे.

पायरी चौथी: मैत्रीभावना

ध्यानाचा हा भाग बौद्ध परंपरेतून येतो, आणि गोव्याला तो परका नाही. डिचोलीजवळच्या लामगावच्या गुहा आजही उभ्या आहेत, त्या बौद्ध भिक्खूंच्या मानल्या जातात. त्याहून जवळचं नाव म्हणजे धर्मानंद कोसंबी. 1876 साली साखवाळला जन्मलेला हा माणूस 1899 मध्ये बुद्धाच्या शिकवणुकीच्या शोधात घर सोडून निघाला, श्रीलंका आणि ब्रह्मदेशात जाऊन पाली शिकला आणि ते ज्ञान त्याने मराठीत आणलं. विशुद्धिमग्ग या पाली ग्रंथाचं त्यांनी संपादन केलं. मैत्रीभावनेचा जो क्रम मी खाली देते आहे तो त्या ग्रंथात सविस्तर सांगितलेला आहे: आधी स्वतः, मग प्रिय किंवा आदरणीय व्यक्ती, मग ना मित्र ना शत्रू अशी व्यक्ती, आणि शेवटी जिच्याशी वैर आहे ती.

श्वास मोजून झाल्यावर तसेच बसून राहा आणि मनात सावकाश म्हणा: मी सुखात असो. मी निर्धास्त असो. माझं शरीर निरोगी असो. माझा दिवस सोपा जावो. शब्द तुमचे तुम्ही बदला, पण ते घरात बोलतो तसे असावेत. प्रत्येक वाक्याला एक उच्छ्वास.

इथे एक अडचण हमखास येते. आमच्या वर्गातल्या बायकांना स्वतःसाठी काही मागणं जमतच नाही. एक मामी म्हणाल्या, ‘अगं, माझं काय घेऊन बसलीस, मुलांचं बरं होऊ दे.’ तसं असेल तर नातवापासून सुरुवात करा. नातू डोळ्यांसमोर आणून त्याच्यासाठी म्हणा, छातीत ऊब जाणवली की त्याच्याशेजारी स्वतःला बसवा आणि ‘आम्ही दोघं सुखात असू’ असं म्हणा. महिनाभराने त्या मामींना स्वतःचं नाव घेता यायला लागलं.

तिसऱ्या व्यक्तीसाठी मी आमच्या पदेराला घेतलं. कित्येक वर्षं त्याच्याकडून पाव घेते, पण त्याला मुलं किती, तो पहाटे किती वाजता उठतो, मला माहीत नव्हतं. आठवडाभर रोज त्याच्यासाठी ती चार वाक्यं म्हटल्यावर एका सकाळी मी आपसूक विचारलं, ‘चहा घेणार का?’ या टप्प्यावर आठवडा कमी पडतो, तीन आठवडे द्या. बस कंडक्टर, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली मासेवाली, कचरा न्यायला येणारा मुलगा, दर आठवड्याला एक माणूस.

वैऱ्याकडे घाईने जाऊ नका. आणि पहिल्यांदा सर्वात मोठा वैरी तर निवडूच नका. रस्त्यात गाडी आडवी लावणारा शेजारी पुरेसा आहे. आमचा घराच्या वाटणीचा खटला आहे, समोरचा पक्ष एकाच आंगणात राहतो. त्या चुलत दिरांपर्यंत पोचायला मला दीड वर्ष लागलं. त्यांचा चेहरा समोर आणला की जबडा आवळायचा. जबडा आवळला की मी त्यांना सोडून परत नातवाकडे यायचे. हाच नियम तुम्हीही पाळा, शरीर सांगेल तेवढंच पुढे जा.

मैत्रीभावना म्हणजे हक्क सोडणं नव्हे. खटला चालू आहे आणि चालू राहील, वकिलांची तारीख मी चुकवत नाही. फरक एवढाच की आंगणात समोरासमोर आलो तर आता माझी मान वळत नाही.

कणव आणि खचणं

आजाऱ्याची सेवा करणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं आहे. विशुद्धिमग्गात करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. दूरचा शत्रू क्रौर्य, तो चटकन ओळखू येतो. जवळचा शत्रू शोक. तो करुणेसारखाच दिसतो, म्हणून फसवतो. सासूबाईंकडे पाहून मी रात्रीच्या रात्री रडायचे आणि त्यालाच माया समजायचे. रडून थकलेली मीच सकाळी वाटी आपटत होते.

जर्मनीतल्या मेंदू-संशोधक तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच फरक अभ्यासला. दुसऱ्याचं दुःख फक्त आपलंसं करून घेण्याचा सराव दिला तेव्हा माणसांना अधिक त्रास होऊ लागला. नंतर त्यांनाच करुणेचा सराव दिल्यावर मनाला उभारी आली.

सराव असा करा. दुःखात असलेली व्यक्ती मनात आणा. श्वास घेताना तिचं दुःख आहे एवढं मान्य करा, सोडताना म्हणा, ‘तुझं दुःख हलकं होवो.’ डोळे भरून आले तर हरकत नाही. पण छाती दडपली, पोटात खड्डा पडला, तर तिला बाजूला ठेवून लक्ष तळपायांवर आणा. जमीन जाणवू द्या. पाच श्वासांनी परत जा किंवा त्या दिवशी थांबा.

काहींना डोळे मिटून बसल्यावर जुने आघात वर येतात, धडधड वाढते, झोप उडते. अशा वेळी नेटाने बसू नका. डोळे उघडे ठेवून चाला, आसनं करा आणि डॉक्टरांशी बोला. चालू असलेलं औषध ध्यानाच्या भरवशावर कधीही बंद करू नका. सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मिळते, आणि बांबोळीला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे.

चटईवरून उठल्यावर

कवळ्याच्या शांतादुर्गेची कथा आपल्याला लहानपणापासून माहीत असते. शिव आणि विष्णू यांचं युद्ध पेटलं तेव्हा देवी मध्ये उभी राहिली, एका हाताने एकाला आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्याला धरलं आणि भांडण मिटवलं. शांत राहणं म्हणजे बाजूला होणं, असं मी कित्येक वर्षं समजत होते. देवी तर बरोबर मधोमध उभी आहे.

म्हणून दिवसातली एक जागा आधीच ठरवून ठेवा, जिथे तुमचा तोल हमखास जातो. मुलाचा अभ्यास घेताना, मांडवीच्या पुलावर गाडी अडकल्यावर, वरिष्ठांचा फोन आल्यावर. एकच जागा. तिथे पोचलात की चार-सहाचा फक्त एक श्वास घ्या, तळपाय जाणवू द्या आणि मग बोला. दहा जागा ठरवल्या तर एकही लक्षात राहत नाही.

माझी जागा अर्थातच पेजेची होती. चमचा भरायच्या आधी मी एक पूर्ण उच्छ्वास सोडायचे आणि तो भरलेला चमचा ओठांपाशी नेऊन थांबायचे. त्यांनी तोंड उघडलं तरच पुढे. भरवायला पूर्वी पंधरा मिनिटं लागायची, आता पस्तीस लागू लागली. म्हणून सकाळचा स्वयंपाक आदल्या रात्री निम्मा करून ठेवायला लागले. सासूबाई त्यानंतर अकरा महिने होत्या. पेज शेवटपर्यंत सांडत राहिली. मी उशीवर एक जुना टॉवेल पसरून ठेवायचे आणि दुसरा खांद्यावर घेऊन बसायचे.